ऑक्सिमीटरला न दिसणारा वायू

थंडीचे दिवस, बाथरूमचे दार-खिडकी बंद आणि आत गॅस गिझर सुरू. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाचे डोके गच्च झालेले असते, मळमळते, पायात त्राण नसते. घरात करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर असतोच. तो बोटाला लावला की आकडा येतो ९८. पित्त झाले असेल, असे म्हणून विषय संपतो. फसगत होते ती इथेच.

गिझरच्या ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक ओढीने चिकटतो. साधा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोनच प्रकाशलहरी बोटातून पाठवतो. लाल प्रकाशात या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. त्यामुळे पाचवा हिस्सा हिमोग्लोबिन निकामी झाले असले तरी आकडा नव्वदीच्या वरच राहू शकतो. यंत्र बिघडलेले नसते, फक्त हा फरक ओळखण्यासाठी ते बनवलेलेच नसते.

खरा आकडा कळतो तो को-ऑक्सिमीटरवर. त्यात रक्ताचा नमुना अनेक प्रकाशलहरींनी तपासतात. शिरेतले रक्तही चालते. धूम्रपान न करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या आत असते. शून्य मात्र कधीच नसते, कारण जुन्या तांबड्या पेशी मोडताना शरीर स्वतःच थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार करते. सिगारेट ओढणाऱ्यांत तेच दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

पण हा आकडा झपाट्याने उतरतो. साध्या हवेत चार ते सहा तासांत तो निम्मा होतो, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात. समजा घरात असताना प्रमाण १२ टक्के होते. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लागला आणि रक्त अडीच तासांनी घेतले, तर अहवालात तीनच्या आसपास काहीतरी येईल. तो आकडा खोटा नाही, पण तो नमुना घेतल्या क्षणाचा आहे. म्हणून रुग्ण त्या जागेतून किती वाजता बाहेर पडला आणि ऑक्सिजन केव्हा सुरू झाला, या दोन वेळा अहवालाइतक्याच मोलाच्या असतात. बोटाला लावून हा वायू मोजणारी वेगळी यंत्रेही आहेत. मात्र त्यांत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतात. मोठी विषबाधा चटकन ओळखायला ती उपयोगी, तीन टक्के की पाच टक्के हे ठरवायला नाहीत.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? अमेरिकेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ६३ पुरुषांवर झालेला एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कधी स्वच्छ हवा, तर कधी हा वायू मिसळलेली हवा देऊन ट्रेडमिलवर चालवले. रक्तातले प्रमाण सुमारे दोन टक्के असताना हृदयावरच्या ताणाची खूण ईसीजीत जवळपास पाच टक्के लवकर उमटली, चार टक्के असताना बारा टक्के लवकर. इतके बारीक मोजायचे म्हणून या अभ्यासात गॅस क्रोमॅटोग्राफीची अधिक काटेकोर पद्धत वापरली होती.

याच्या जवळपास शंभर वर्षे आधी, १८९५ मध्ये, जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा वायू स्वतःच हुंगून स्वतःचे रक्त तपासले होते. साधन काय, तर पातळ केलेले रक्त, कार्माइनचा लाल रंग आणि डोळ्यांनी छटा जुळवणे. (त्याचाच मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिला.) खाणीत छोटे प्राणी-पक्षी न्यावेत, हेही त्याचेच सुचवणे. ब्रिटिश खाणींतल्या कॅनरी पक्ष्यांना हटवायचे ठरले ते १९८६ मध्ये.

आज पक्ष्याच्या जागी भिंतीवरचा अलार्म आहे. त्यातल्या सेन्सरमध्ये वायूची रासायनिक क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि त्यावरून प्रमाण कळते. मात्र अलार्मचे गप्प बसणे म्हणजे हवा शुद्ध, असे नव्हे. अमेरिकी मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग असतील, तर अलार्म एक ते चार तासांत वाजला पाहिजे. ३० भागांना तर तो महिनाभर वाजू नये, अशीच अट आहे, नाहीतर उठसूट वाजणारे यंत्र लोक काढून ठेवतील. पण जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत साडेतीन भाग, इतकीच आहे. आणि ३० भागांच्या हवेत तासन्‌तास राहिले, तर रक्तातले प्रमाण चार-पाच टक्क्यांकडे सरकते. ट्रेडमिलवरच्या त्या रुग्णांना भोवले, ते जवळपास एवढेच.

त्यामुळे घरात हृदयरोगी, गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल, तर केवळ वाजणाऱ्या यंत्रापेक्षा कमी प्रमाणही पडद्यावर आकड्यात दाखवणारे यंत्र घेतलेले बरे. सेन्सर काही वर्षांत थकतो, तेव्हा यंत्रावर छापलेली मुदतही पाहावी. डोके दुखत असेल आणि घराबाहेर पडल्यावर थांबत असेल, किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होत असेल, तर आधी मोकळ्या हवेत यावे आणि दवाखान्यात पोहोचताच डॉक्टरांना गिझरचे, शेगडीचे किंवा जनरेटरचे सांगावे. कार्बन मोनॉक्साइडची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत नसते, ती वेगळी सांगावी लागते.