बॅटरीवरचं ड्रिल घेताय? आधी तुमचं सगळ्यात अवघड भोक कोणतं ते ठरवा



खरड छाटणी उरकली की मंडपाची कामं निघतात. वाकलेले अँगल बदलायचे, नवीन पट्ट्या जोडायच्या, तारा ओढायच्या, गोठ्याचे पत्रे बसवायचे. त्यामुळे गेल्या काही दिवसांत बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न येतोय: "बॅटरीवरचं ड्रिल घ्यायचंय. ऑनलाइन ४८ व्होल्टचं स्वस्तात दिसतंय, घेऊ का?"

म्हणून आजचा सल्ला फवारणीचा नाही, यंत्राचा आहे. मेसेज मोठा आहे. पैसे देण्याआधी एकदा सावकाश वाचा.

*१) बॅटरीवरचंच का?*

शेतात थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. मग मंडपात काम करायला काही जण मोटरच्या स्टार्टर पेटीतून उघडी वायर काढून ड्रिल चालवतात. खाली ओली माती, हातात लोखंड आणि वर लोखंडी तारांचा मंडप. वायरला एक चीर पडली तरी सगळा मंडप करंट धरू शकतो. हे काम करू नका. १८ व्होल्टच्या बॅटरीत हा धोका नाही, आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

पण तुमचं सगळं काम घराजवळ, प्लगपाशी होणार असेल तर वायरचं साधं ड्रिल निम्म्या खर्चात तेच काम करतं आणि त्याची बॅटरी संपत नाही. लाइट जिथं पोचत नाही तिथल्या कामासाठीच बॅटरीचा जादा पैसा घाला.

*२) आपल्या कामांची उतरंड*

सगळी भोकं सारखी नसतात. सोप्याकडून अवघडाकडे अशी:

▪️ ठिबकच्या पीव्हीसी सबमेनला ग्रोमेटचं भोक. कोणतंही ड्रिल करतं. बिट मात्र ग्रोमेटच्या मापाचंच हवं, नाहीतर गळती होते.
▪️ लाकूड आणि पत्र्याचे स्क्रू. मध्यम काम.
▪️ ५-६ मिमी जाडीच्या अँगलला १० किंवा १२ मिमीचं भोक. अवघड काम. हलकं ड्रिल इथंच गरम होऊन बसतं.
▪️ सिमेंटचा खांब, काँक्रीट, दगड. इथं फिरण्याच्या ताकदीपेक्षा ठोका महत्त्वाचा.
▪️ ऑगर लावून मातीत खड्डे. यंत्राला आणि मनगटाला सगळ्यात जड.

तुमच्या यादीतलं सगळ्यात खालचं काम कोणतं आणि अशी भोकं किती, हे आधी कागदावर लिहा. ड्रिल त्या कामासाठी घ्यायचं. वरची कामं ते आपोआप करतं.

*३) व्होल्टचा घोळ*

चांगल्या कंपन्यांच्या १८ व्होल्ट बॅटरीत ५ सेल एकामागं एक जोडलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट, म्हणून ५ सेलचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे २१. त्यामुळे १८, २० मॅक्स आणि २१ हे बहुतेक वेळा एकाच बॅटरीचे तीन आकडे असतात. २१ म्हणजे १८ पेक्षा तगडं, असं समजू नका.

मग ४८, ८८, १२८ काय? स्वस्त ड्रिलवर "४८ व्हीएफ" असं छापलेलं असतं. ते बहुतेक नुसतं नाव असतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला की काटा २०-२१ वर थांबतो. गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मल्टिमीटर असतोच. पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं.

*४) टॉर्क: दोन आकडे असतात, लहान आकडा बघा*

टॉर्क म्हणजे पीळ देण्याची ताकद. ती न्यूटन मीटरमध्ये मोजतात. चांगल्या कंपनीच्या कागदावर हार्ड आणि सॉफ्ट असे दोन आकडे असतात. हार्ड म्हणजे बिट अडकल्यावर क्षणभर बसणारा झटका. सॉफ्ट म्हणजे काम चालू असताना टिकून मिळणारा जोर. जाहिरातीत मोठा आकडाच छापतात. लांब चालणाऱ्या कामाचा अंदाज मात्र लहान आकड्यावरून येतो.

उदाहरण म्हणून मकिटाची दोन मॉडेलं घेऊ. (ही जाहिरात नाही. कंपनीला यातून कमिशन नाही.)

▪️ डीएचपी४८४: हार्ड ५४, सॉफ्ट ३०. लोखंडात क्षमता १३ मिमी.
▪️ डीएचपी४८६: हार्ड १३०, सॉफ्ट ६५. लोखंडात क्षमता १३ मिमीच.

ताकद दुपटीच्या पुढे, पण लोखंडातलं भोक तेवढंच! कारण १३ मिमीच्या पुढचं बिट चकमध्येच बसत नाही. म्हणजे तुमचं काम अँगलपुरतं असेल तर ५०-६० च्या वर्गातलं ड्रिल पुरतं. मोठं मशीन लाकडातल्या मोठ्या भोकाला आणि ऑगरला लागतं. नुसतं "पॉवरफुल हवं" म्हणून दुप्पट पैसे घालू नका.

*५) अवघड कामासाठी या गोष्टी हव्यातच*

✅ *ब्रशलेस मोटर.* कार्बन झिजत नाहीत, गरम कमी होते, त्याच बॅटरीत काम जास्त निघतं.
✅ *दोन गिअर.* पहिल्यात साधारण ० ते ५०० फेरे, दुसऱ्यात २००० च्या आसपास. १०-१२ मिमीचं लोखंड पहिल्या गिअरवर, ४-६ मिमीचं बिट दुसऱ्यावर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेली पाहिजे.
✅ *१३ मिमी चक,* शक्यतो धातूचा.
✅ *बाजूची मूठ.* सोबत मिळते की वेगळी घ्यावी लागते, ते दुकानातच विचारा.
✅ *पक्कं बिल आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्ती.* सुटी बॅटरी आणि चार्जर मिळतो का तेही बघा. बॅटरी आधी जाते, मशीन नंतर.

*६) बॅटरी: वजन करून घ्या*

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत साठलेली ऊर्जा. १८ व्होल्ट × २ = ३६ वॅट-तास. १८ × ५ = ९० वॅट-तास. जड काम करताना ड्रिल २०-२५ अँपिअर ओढतं. म्हणजे ५ वाली बॅटरी सतत जोरावर १२ ते १५ मिनिटं, २ वाली जेमतेम ५-६ मिनिटं. ट्रिगर दाबलेला वेळच मोजायचा, त्यामुळे प्रत्यक्षात काम बरंच होतं. पण २ वाल्या बॅटरीवर मंडप उभा राहत नाही.

बॅटरीवर ६ लिहिलंय, पण आत खरंच तेवढं आहे का? काट्यावर ठेवा. चांगली ५ अँपिअर-तासाची बॅटरी ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. ५ किंवा ६ लिहिलेली बॅटरी ४०० ग्रॅमच्या आत भरली, तर आकडा खोटा समजा. सेलला वजन असतं, स्टिकरला नसतं.

*७) दुकानातली परीक्षा*

घरून आपल्या मंडपाच्या अँगलचा हातभर तुकडा आणि १० मिमीचं नवीन, चांगलं एचएसएस बिट घेऊन जा. बोथट बिटानं कोणतंही मशीन नापास होईल.

१. अँगल शिकंज्यात घट्ट आवळा. सेंटर पंचनं खूण करा.
२. आधी ४ मिमीचं बारीक भोक, मग १० मिमी. दोन थेंब तेल टाका.
३. हॅमर बंद, क्लच ड्रिलच्या खुणेवर, पहिला गिअर.
४. लागोपाठ ५ भोकं पाडा. मधे मशीन बंद पडली, जळका वास आला किंवा मोटरला हात लावता येईना इतकी तापली, तर ती तुमच्या कामाची नाही.
५. चकमध्ये सरळ बिट लावून नुसतं फिरवा. टोक डुगडुगत असेल तर घेऊ नका.

दुकानदार करू देत नसेल तर ज्याच्याकडे ते मॉडेल आहे त्याच्याकडे जाऊन बघा. ऑनलाइनचे पाच तारे बघून तुमच्या अँगलला भोक पडत नाही.

*८) सिमेंटचा खांब आणि खड्डे*

कॉर्डलेस ड्रिलमधला हॅमर विटेला आणि अधूनमधून एखाद्या काँक्रीटच्या भोकाला ठीक. कुंपणाच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या सिमेंट खांबांना शंभर भोकं पाडायची असतील तर एसडीएस बिटाचं रोटरी हॅमर भाड्यानं आणा. त्यात ठोका देणारी यंत्रणा वेगळी असते, अंगाचा जोर लावावा लागत नाही. आणि बिट आतल्या सळईला लागलं की जागा बदला. सळई तुटली की खांब कमजोर झाला.

ऑगरचं म्हणाल तर भुसभुशीत, वाफशातल्या मातीत लहान खड्डे जमतात. दर १०-१५ सेंमीला वर काढून माती झटकायची. मुरूम, वाळलेली काळी माती आणि फळझाडांचे मोठे खड्डे यांना इंजिनवरचं ऑगरच लावा.

*९) मनगट सांभाळा ⚠️*

ताकदवान ड्रिल घेताना हे कोणी सांगत नाही. बिट अडकलं की मशीन उलटी फिरते आणि तो झटका तुमच्या हातावर येतो. हिशेब बघा: ६० न्यूटन मीटरचा झटका १५ सेंमीवरच्या मुठीवर आला तर हातावर साधारण ४० किलोचा धक्का, तोही अचानक. ३० सेंमीवर बाजूची मूठ धरली असेल तर तोच धक्का २० किलोचा. १३० वाल्या मशीनला तर एका हातानं धरूच नका.

बिट अडकतं ते बहुतेक वेळा भोक आरपार जाताना. शेवटच्या क्षणी जोर कमी करा. शिडीवर उभं राहून मोठं भोक पाडू नका, अँगल खाली घ्या. गळ्यातलं उपरणं, पदर, सैल बाही आणि कापडी हातमोजे चालू ड्रिलपासून लांब. डोळ्याला चष्मा हवा, लोखंडाचा कीस डोळ्यात गेला तर बिलापेक्षा जास्त खर्च होतो.

*१०) चार्जिंग*

▪️ काम संपल्यावर बॅटरी तापलेली असते. अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा.
▪️ उन्हात गाडीच्या काचेपाशी किंवा पत्र्याखाली ठेवू नका.
▪️ जिथं गंधकाची पावडर, कडबा किंवा डिझेल आहे त्या खोलीत चार्जिंग नको. फुगलेली, पडून फुटलेली बॅटरी तर अजिबात नको.
▪️ हंगाम संपल्यावर अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर पुढच्या वर्षी उठेलच असं नाही.
▪️ त्याच कंपनीचा चार्जर वापरा. फवारणी पंपाच्या बॅटरीची वायर जोडून ड्रिल चालवायचा जुगाड करू नका.

*११) मग घ्यायचं की नाही?*

हिशेब असा करा. समजा एकरात १५० खांब, प्रत्येकाला २ भोकं, म्हणजे ३०० भोकं. दुकानातल्या परीक्षेवरून वाटलं की एका चार्जिंगमध्ये ३० भोकं निघतील, तर १० वेळा चार्जिंग लागेल. दोन बॅटरी असतील तर एक कामाला, एक चार्जिंगला. एकच असेल तर मजूर बसून राहतील आणि त्यांची हजेरी तुम्ही भरणार.

▪️ वर्षाला ३०-४० च भोकं असतील: विकत घेऊ नका. भाड्यानं आणा किंवा मागून आणा.
▪️ फक्त ठिबक आणि पत्रे: लहान, हलकं ड्रिल पुरे.
▪️ दरवर्षी मंडपाचं काम: ५०-६० हार्ड टॉर्कचं ब्रशलेस, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटरी.
▪️ शेजारचे चार-पाच जण मिळून घेणार असाल तर सगळ्यांनी एकाच कंपनीचं घ्या. बॅटऱ्या एकमेकांना चालतात, पुढं ग्राइंडर किंवा करवत नुसती, बॅटरीशिवाय घेता येते.

स्वस्त ड्रिल घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. घरातल्या चार स्क्रूला ते चालतं. पण ते घेऊन ऐन कामात मंडप अर्धवट राहिला आणि मग दुसरं घ्यावं लागलं, तर पैसे दोनदा गेले. दोन्ही वेळचे पैसे तुमच्याच घामाचे.

एखादं मॉडेल मनात असेल तर त्याच्या खोक्यावरच्या आकड्यांचा फोटो, बॅटरीचं वजन आणि तुमचं काम काय आहे ते याच नंबरवर पाठवा. व्हॉइस मेसेज टाकला तरी चालेल. संध्याकाळी सातनंतर उत्तर देतो. पैसे देण्याआधी विचारा, नंतर नको.

ज्यांचं मंडपाचं काम चालू आहे त्यांना हा मेसेज पुढं पाठवा.


— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी