बिऱ्हाड हलवताना
घरचा सर्व्हर, घरचा ठेवा : लेखांक ७

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आज जगात कुठेही बसून ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या प्रकल्पात लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांचा माहितीसाठा संगणकावर उभा केला आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं. हा साठा गुरुग्रामच्या संगीतसंग्रहात गेला, तिथून फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हांसला गेला आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येऊ लागला. या प्रवासात यंत्रं बदलली, फाइलींचे प्रकार बदलले, सांभाळणारी माणसं बदलली. तरी ओव्या टिकल्या, कारण ओव्यांसोबत गावाचं नाव, गाणारीचं नाव आणि तारीख नोंदलेली होती, आणि ती नोंद एखाद्या यंत्रात अडकून पडलेली नव्हती.

आपल्या घरच्या सर्व्हरलाही हाच नियम लागू आहे. मागच्या लेखांत जिंतूर–परभणी रस्त्यावरच्या बोरीतलं एक घर डोळ्यांपुढे ठेवून आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, डॉकर बसवलं आणि त्यात ‘जेलीफिन’ हे घरातली चित्रणं टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. सप्ताहातली कीर्तनं, लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली, शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रणं हे सगळं आता घरातल्या टीव्हीवर दिसतं. आज हाच सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायचा आहे. ही वेळ प्रत्येकावर येते, आणि पहिल्या दिवसापासून तिची तयारी असेल तर एका संध्याकाळीत काम उरकतं.

यंत्र का बदलावं लागतं

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रूपांतर. हल्लीचे बरेच मोबाईल एचईव्हीसी या प्रकारात चित्रण करतात, कारण त्यात फाइल लहान होते. घरातल्या जुन्या टीव्हीला मात्र एच २६४ एवढाच प्रकार कळतो. मग सर्व्हरला चित्र दाखवता दाखवता एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलावं लागतं. जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला हे झेपत नाही, चित्र अडखळतं आणि पंखा घोंघावू लागतो. सातव्या पिढीपासूनच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांत बसवलेली ग्राफिक्स चिप हे काम सहज करते. म्हणून कचेऱ्यांतून निघालेला वापरलेला मिनी पीसी या कामाला चांगला. रास्पबेरी पाय ५ स्वस्त आणि आटोपशीर असला, तरी त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं वेगळं हार्डवेअर नाही. ज्या घरात रूपांतराची गरज रोजची आहे, तिथे तो घेऊ नये.

दुसरं कारण आपल्या हवामानाचं. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. घरगुती वापराच्या बहुतेक हार्ड डिस्क साठ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असं कंपन्या सांगतात, पण पन्नाशीच्या आत ठेवलेली डिस्क जास्त निर्धास्त. धूळ, उष्णता आणि वरचेवर जाणारी लाईट यांमुळे लॅपटॉप थकतो. तो बंद पडायच्या आधी हलवणं शहाणपणाचं.

काय न्यायचं, काय सोडायचं

भाड्याची खोली बदलताना कुणी भिंती उचलून नेत नाही, सामान नेतो. डॉकरचा कंटेनर ही ती खोली आहे. जेलीफिनचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सगळी लायब्ररी एका तयार इमेजमध्ये बांधलेली असते, आणि ती इमेज इंटरनेटवरून केव्हाही पुन्हा मिळते. एकाच यंत्रावर प्रोग्रॅमांना असं वेगवेगळं कोंडण्याची कल्पना १९७९ च्या युनिक्सपासून चालत आली आहे. २००८ मध्ये कोणी किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा हे आखून देणारी सोय लिनक्सच्या गाभ्यात आली. २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर लोकांपुढे मांडलं आणि हे सगळं सामान्य माणसाच्या आटोक्यात आलं.

तेव्हा न्यायच्या गोष्टी तीनच. पहिली, मीडिया, म्हणजे आपल्या मूळ फाइली. दुसरी, कॉन्फिग फोल्डर. त्यात घरातल्या माणसांची खाती, कोणी काय कुठपर्यंत पाहिलं याची नोंद आणि सगळ्या सेटिंग असतात. तिसरी, कंपोज फाइल. कोणती इमेज, कोणतं पोर्ट, कोणतं फोल्डर आत कुठे जोडायचं हे सांगणारा हा दहा-पंधरा ओळींचा मजकूर. कॅश फोल्डर सोडून द्या, ते नव्या जागी आपोआप तयार होतं.

कंपोज फाइल आकाराने सर्वांत लहान आणि मोलाने फार मोठी. तिची एक प्रत मोबाईलमध्ये ठेवा आणि एक छापून कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी आपण काय केलं होतं हे आठवत नाही, तेव्हा ती सांगते.

आधी थांबवा, मग उचला

जेलीफिन आपल्या नोंदी एसक्यूलाइट प्रकारच्या माहितीसाठ्यात ठेवतं. सर्व्हर चालू असताना त्या फाइलीत सतत काहीतरी लिहिलं जात असतं. अशा वेळी प्रत काढली तर अर्धवट लिहिलेली नोंद उचलली जाते आणि नव्या यंत्रावर माहितीसाठा उघडतच नाही, किंवा उघडून चुकीचं दाखवतो. म्हणून आधी ‘डॉकर कंपोज डाउन’ ही आज्ञा द्यायची आणि कंटेनर थांबला याची खात्री करून मगच कॉन्फिग उचलायचं.

उचलायला आरसिंक ही फाइलींच्या प्रती पाठवणारी आज्ञा वापरा. शंभर तासांचं चित्रण आठ मेगाबिट वेगाचं असेल तर साधारण ३६० जीबी भरतं. शंभर मेगाबिटच्या जुन्या राऊटरमधून त्याला आठ-नऊ तास लागतात, गिगाबिट तारेने तासाभरात होतं. आठ तासांत लाईट जाणार हे धरूनच चालायचं. आरसिंकचा उपयोग इथे कळतो : तीच आज्ञा पुन्हा दिली की पोचलेल्या फाइली सोडून ते उरलेल्या पाठवतं. वायफायवरून एवढं ओझं वाहू नका. शक्य असेल तर डिस्कच काढून नव्या यंत्राला जोडा.

आरसिंक चालवताना फाइलींची मालकी जपणारा ‘ए’ हा पर्याय द्या आणि आज्ञा रूट अधिकाराने चालवा. लिनक्स फाइलीचा मालक नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतं. जुन्या यंत्रावर तुमचा आकडा १००० असेल आणि नव्यावर १००१, तर फाइली डोळ्यांपुढे असूनही जेलीफिनला उघडता येणार नाहीत. नव्या यंत्रावर तोच आकडा असलेला वापरकर्ता करा किंवा कंपोज फाइलीत योग्य आकडा लिहा. यंत्र हलवल्यावर येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे सापडतं.

आतला पत्ता तोच ठेवा

प्रत्येक फोल्डरला दोन पत्ते असतात, यंत्रावरचा बाहेरचा आणि कंटेनरमधला आतला. जेलीफिनला फक्त आतला दिसतो, आणि ‘मीडिया, मग कीर्तन, मग अमुक फाइल’ अशी नोंद ते आतल्या पत्त्याने ठेवतं. नव्या यंत्रावर डिस्क कुठेही जोडा, बाहेरचा पत्ता खुशाल बदला, पण आतला अक्षरशः तोच ठेवा. तो बदलला तर सर्व्हरच्या दृष्टीने जुनी प्रत्येक फाइल हरवली आणि तितक्याच नव्या आल्या.

घरातला आयपी पत्ताही तोच राहू द्या. राऊटरमध्ये नव्या यंत्रासाठी जुना पत्ता राखून ठेवला की टीव्ही आणि मोबाईलवरची ॲप ८०९६ या पोर्टवर पूर्वीसारखी जोडली जातात, आणि आजीच्या टीव्हीला हात लावावा लागत नाही. मात्र जुनं यंत्र त्या वेळी नेटवर्कवरून काढलेलं असावं.

लाईट आल्यानंतरचं रिकामं फोल्डर

आता गावातल्या सर्व्हरला हमखास भेडसावणारी अडचण. लाईट येते, मिनी पीसी अर्ध्या मिनिटात सुरू होतो, पण यूएसबीवरची डिस्क जोडली जायला उशीर होतो. डॉकर तोवर कंटेनर सुरू करून मोकळं होतं. डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जायची ते तर रिकामं असतं, आणि आतून पाहणाऱ्या सर्व्हरला आपला सगळा ठेवा नाहीसा झालेला दिसतो.

याला पक्का इलाज आहे. फाइली डिस्कच्या मुळाशी न ठेवता डिस्कवरच ‘ठेवा’ नावाचं एक फोल्डर करा, त्यात त्या ठेवा आणि कंटेनरला तेच जोडून द्या. कंपोज फाइलीत जोडणी सविस्तर पद्धतीने लिहून ‘नसलेलं फोल्डर तयार करू नको’ अशी स्पष्ट सूचना द्या. डिस्क जोडलेली नसेल तर ते फोल्डरच अस्तित्वात नसेल, आणि कंटेनर सुरू व्हायचं नाकारेल. रिकामं ग्रंथालय दाखवण्यापेक्षा बंद राहणं केव्हाही सुरक्षित. शिवाय डिस्कची ओळख तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने लिहा, कारण ‘पहिली डिस्क, दुसरी डिस्क’ ही नावं प्रत्येक वेळी तीच राहतात असं नाही. आणि मिनी पीसीला एक छोटा यूपीएस द्या, निदान नीट बंद होण्याइतका वेळ त्याला मिळतो.

एका वेळी एकच बदल

नव्या यंत्रावर नवी आवृत्ती टाकायचा मोह होतो. कंपोज फाइलीत ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असेल तर आपल्या नकळत तसं होतंही. जेलीफिनच्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १०.११ आवृत्तीने माहितीसाठ्याची रचनाच बदलली. त्या आवृत्तीवर गेल्यावर जुन्यावर परतायचं तर आधीची प्रत हाताशी लागते. म्हणून जुन्या यंत्रावर जी आवृत्ती होती तिचा आकडा कंपोज फाइलीत लिहा, आधी तिच्यासह स्थलांतर करा, चार दिवस वापरून पाहा. मग कॉन्फिगची प्रत काढून नवी आवृत्ती घ्या, आणि त्यानंतर ग्राफिक्स चिप कंटेनरला जोडा. तिन्ही एकदम केलं आणि बिघडलं, तर कशामुळे बिघडलं हे शोधणं अवघड होतं.

नोंद फाइलीच्या शेजारी

जेलीफिन हे स्वतः एका स्थलांतरातून जन्मलं. ‘एम्बी’ या सर्व्हरचा मूळ कोड २०१८ च्या अखेरीस खुला राहिला नाही, तेव्हा काही जणांनी शेवटचा खुला कोड घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये जेलीफिन सुरू केलं. उद्या जेलीफिनही थांबू शकतं. आपली माहिती त्याच्या पोटातच राहिली तर तीही त्याच्याबरोबर थांबेल.

म्हणून ग्रंथालयाच्या सेटिंगमध्ये जाऊन एनएफओ फाइली आणि चित्रं मीडियाच्या शेजारीच साठवण्याचा पर्याय चालू करा. एनएफओ ही साध्या मजकुराची फाइल, कोणत्याही संगणकावर वाचता येते. तिच्यात लिहा : कीर्तनकार कोण, गाव कोणतं, साल कोणतं, मृदंगावर कोण, ध्वनिमुद्रण कोणी केलं. घरातल्या थोरांना शेजारी बसवून हे आत्ताच लिहून घ्या, कारण आवाज कोणाचा हे ओळखणारी माणसं कायम असत नाहीत. फाइलीची प्रत कधीही काढता येते, ही माहिती नंतर कुठूनही मिळत नाही.

पोचल्याची खात्री

सगळं सुरू झाल्यावर आरसिंकची आज्ञा एकदा तपासणीपुरती चालवा : काहीही न पाठवता, प्रत्येक फाइलीचा चेकसम ताडून पाहत. कॉन्फिगमध्ये नवा सर्व्हर लिहू लागलेला असतो, म्हणून ही तपासणी मीडियापुरती ठेवा. यादीत एकही नाव आलं नाही तर जुन्या यंत्रावरची प्रत्येक फाइल नव्यावर तंतोतंत पोचली आहे. जुन्या यंत्रावरचं काहीही महिनाभर पुसू नका.

त्यानंतर अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पाळा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बोरीतल्या घराला ही तिसरी प्रत परभणीच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवता येते, आणि दिवाळीला ते गावी आले की ताजी करता येते.

वर्षातून एकदा ही घराबाहेरची प्रत कोणत्याही मोकळ्या संगणकाला जोडा, कंपोज फाइल चालवा आणि सर्व्हर उभा राहतो का ते पाहा. राहिला, तर तुमचा ठेवा कोणत्याही एका यंत्रावर अवलंबून नाही. नाही राहिला, तर काय कमी आहे ते निवांतपणी कळलं आणि दुरुस्त करायला वेळ आहे.

पुढच्या लेखात : बोरीतला सर्व्हर पुण्यातल्या मुलीच्या मोबाईलवर कसा पोचवायचा, मोबाईल कंपन्यांच्या सामायिक आयपी पत्त्यांमुळे थेट वाट का मिळत नाही, आणि घराचं दार उघडं न टाकता आत येण्याची सुरक्षित वाट कशी करायची.