आधी ब्रेक, मग इंजिन

मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. कंपनीच्या पाँटियॅक विभागात जॉन डीलोरिअन, बिल कॉलिन्स आणि रस जी या अभियंत्यांनी त्यातून पळवाट शोधली. नवं मॉडेल न काढता त्यांनी 1964च्या टेम्पेस्ट लेमान्स गाडीवर सुमारे 300 डॉलरचं एक जादा पॅकेज देऊ केलं. त्यात होतं 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं व्ही-एट इंजिन. पॅकेजचं नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी अशा 32,450 गाड्या खपल्या. अमेरिकी मसल कारचा जमाना इथून सुरू झाला, असं सर्वसाधारणपणे मानतात.

ही गाडी आज पुन्हा उभी करायला घेणारा बहुतेक जण थेट बॉनेट उघडतो. खरं तर ताकदीची तिला कधीच ददात नव्हती. साध्या इंजिनाची 325 हॉर्सपॉवर आणि तीन कार्ब्युरेटरवाल्याची 348, हे आकडे इंजिन गाडीबाहेर काढून मोजलेले असले, तरी पिकअप झकास होता. उणीव होती ती थांबण्यात. दीड टनाहून जड गाडीला चारही चाकांवर साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते. तेही एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे एका जागी ऑइल गळालं की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे हवे तर डिस्क ब्रेक, ही सोय जीटीओला 1967 साली मिळाली.

म्हणून पहिला खर्च इथे. सुदैवाने शेव्हेल, कटलस, स्कायलार्क ही याच घराण्यातली चुलत भावंडं. 1968 ते 1972च्या त्यांच्या डिस्क ब्रेकचे स्पिंडल जुन्या जीटीओला बसतात. मात्र मूळ 14 इंची चाकांत डिस्क मावतेच असं नाही, तेव्हा चाकं आणि रेडियल टायर यांचा विचार त्याच वेळी करावा.

एक भाग बदलला की शेजारचा भाग हिशेब मागतो, हे इंजिनात जास्तच जाणवतं. तापट कॅमशाफ्ट बसवला, तर आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो. ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे पेडल दगडासारखं कडक होतं. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन 10.75ला 1. ते त्या काळच्या शिसंमिश्रित, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी होतं. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते नॉकिंग करतं. म्हणून बिडाचे हेड ठेवायचे असतील, तर पिस्टन बदलून कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास आणतात. अॅल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर सोडतात, त्यामुळे थोडं जास्त कॉम्प्रेशन खपून जातं. शिसं गेल्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटही कठीण धातूच्या घालाव्या लागतात.

याहून मोठं इंजिन हवंच असेल, तर पाँटियॅकची एक खुबी कामाला येते. 389, 400 आणि थेट 455 घनइंचांच्या इंजिनांचा बाहेरचा आकार सारखाच. साडेसात लिटरचं इंजिन आत बसलं, तरी वरवर पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. ब्लॉकवर ठोकलेले कोड वाचणारा मात्र ओळखतो, आणि मूळ क्रमांक जुळणाऱ्या गाडीला बाजारात वेगळाच भाव मिळतो.

गिअरबॉक्सचा फायदा रोज कळतो. ऑटोमॅटिक जीटीओला तेव्हा दोनच गिअर होते. ओव्हरड्राइव्हचा बॉक्स बसवला की हायवेवर इंजिनाचे फेरे उतरतात. आवाज, उष्णता आणि पेट्रोल तिन्ही वाचतं.

तेव्हा पैसा मोजका असेल, तर क्रम असा ठेवावा : ब्रेक, चाकं-टायर आणि सस्पेन्शन, मग रेडिएटर, गिअरबॉक्स आणि सर्वांत शेवटी इंजिन. चेसिस कापावी किंवा वेल्डिंग करावं लागेल असा बदल टाळावा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. पुढच्या मालकाला गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची झाली, तर ते त्याला जमलं पाहिजे.