टिकावाला टिकाव भिडला तिथे

जेरुसलेमच्या जुन्या तटाबाहेर, दक्षिणेच्या उतारावर सिल्वान ही दाटीवाटीची पॅलेस्टिनी वस्ती आहे. तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी गीहोनचा झरा वाहतो. या कोरड्या मुलखात बारमाही पाण्याचा भरवसा होता तो याच झऱ्याचा, म्हणून मूळ जेरुसलेमही त्याला धरूनच वसले. पायऱ्या उतरून आलेला प्रवासी इथे विजार वर दुमडतो, बॅटरी पेटवतो आणि थंडगार पाण्यात पाय टाकतो. पुढे ५३३ मीटर लांबीचे, खडकात खोदलेले भुयार आहे. रुंदी जेमतेम एका माणसापुरती. कुठे मान वाकवावी लागते, तर टोकाकडे छत एकदम उंच जाते.

इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा सम्राट सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला. राजा हिज्कीयाने त्याच्याविरुद्ध बंड केले होते. झरा होता दरीच्या काठाला, म्हणजे वेढा घालणाऱ्याच्या हाताशी. त्याचे पाणी जमिनीखालून तटाच्या आत वळवणे हाच उपाय होता. हिज्कीयाने तळे आणि पाट करून शहरात पाणी आणल्याची नोंद बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. भुयाराच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद होतेच. २००३ मध्ये गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींची आणि छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या थरांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष हिज्कीयाच्या काळाशी जुळतो.

सन्हेरीबच्या स्वारीच्या खुणा इतरत्रही आहेत. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला लाखीशच्या टेकडीवर त्याच्या सैन्याने तटाला भिडवलेला दगडमातीचा उतार अजून दिसतो. त्या वेढ्याची शिल्पे त्याने निनवेच्या राजवाड्यात कोरवून घेतली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यहूदाची ४६ तटबंद शहरे घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, अशी फुशारकी त्याच्या लेखांत आहे. जेरुसलेम घेतल्याचे मात्र तो सांगत नाही.

पण भुयारात चालताना राजे मागे पडतात आणि खोदणारे आठवतात. मजुरांच्या दोन टोळ्यांनी दोन्ही टोकांकडून खडक फोडला. सरळ रेषेत जे अंतर सुमारे ३२० मीटर आहे, तिथे त्यांची वाट नागमोडी वळणे घेत गेली. कोणी म्हणतात, ते खडकातल्या नैसर्गिक भेगेमागे गेले. कोणी म्हणतात, वरून ठोकून आवाजाने दिशा दाखवली जात होती. संपूर्ण लांबीत तळाचा उतार केवळ ३० सेंटीमीटरच्या आसपास आहे, आणि तेवढ्यावर पाणी आजही वाहते. मधोमध एका जागी टिकावाच्या घावांची दिशा उलटते. तिच्या आसपास अर्धवट सोडलेल्या, चुकलेल्या वाटाही दिसतात. या भिंतींवर बोटे फिरवली की अंधारात चाचपडणारी ती माणसे अगदी जवळची वाटतात.

त्यांनी स्वतःची हकिगतही लिहून ठेवली. १८८० मध्ये पाण्यात खेळणाऱ्या मुलांना दक्षिण टोकाजवळच्या भिंतीवर प्राचीन हिब्रू लिपीतला सहा ओळींचा लेख दिसला. तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी बाराशे हात वाहत तळ्यात गेले, असे तो सांगतो. राजाचे नाव त्यात नाही, देवाचेही नाही. पुढे हा लेख कोणी चोरून खडकातून कापला, त्यात त्याचे तुकडे झाले. आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

भुयाराच्या पलीकडच्या टोकाला एक छोटे तळे लागते. शुभवर्तमानात येशू जन्मांधाला डोळे धुवायला पाठवतो ते शिलोहाचे तळे हेच, अशी भाविकांची कित्येक शतकांची समजूत होती. पण हे तळे पुढच्या, बायझंटाइन काळातले. २००४ मध्ये थोड्याच अंतरावर सांडपाण्याच्या नळाचे काम सुरू असताना जमिनीखाली रुंद दगडी पायऱ्या लागल्या. येशूच्या काळातले तळे तिथे होते.