हेडफोन की स्पीकर?

परीक्षा संपताच घरोघरी व्हिडिओ गेमला ऊत येतो आणि हेडफोन घ्यावेत की स्पीकर, हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे येतो.

हेडफोनमुळे प्रत्येक कानास स्वतंत्र ध्वनी मिळतो. खेळातील पावलांची दिशा अचूक कळते. शेजारी आजी सामायिकास बसल्या असतील, तर त्यांच्या ४८ मिनिटांत व्यत्ययही येत नाही. स्पीकरचा आवाज भिंतींवर आदळून मिसळतो, दिशा पुसट होते. परंतु भावंडे एकत्र खेळतात, आईची हाक ऐकू येते आणि आवाज वाढताच कोणीतरी टोकते. हेडफोनमधील अतिरेक मात्र इतरांस कळतच नाही. खरी जोखीम तेथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार आठवड्यास ४० तास ऐकण्यासाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. हे मुद्दल एकदा बुडाले की वसूल होत नाही.

जैन दर्शनानुसार श्रोत्रेंद्रिय लाभल्यावरच जीव पंचेंद्रिय ठरतो. म्हणून एरवी स्पीकर मंद आवाजात लावावा आणि हेडफोन गरजेपुरतेच वापरावेत. परिग्रहाप्रमाणे आवाजासही परिमाण असावे.