सुवर्णासाठी पारद : खाणीतील धूर आणि वैद्यांचे कर्तव्य

पारद सुवर्णास ग्रासतो, हे रसशास्त्राच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. त्याच्या याच गुणाचा आधार घेऊन आज आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिका या खंडांतील अनेक देशांत लक्षावधी गरीब कुटुंबे लहान प्रमाणावर सोने काढीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०१५ साली मानवी व्यवहारांमुळे सुमारे २,२२० टन पारा वातावरणात गेला. त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा या खाणकामाचा होता.

पद्धत सोपी आहे. धुतलेल्या वाळूत पारा मिसळतात, सोन्याचे कण त्यात मिळून गोळा बनतो, तो फडक्यातून पिळतात. पिळलेल्या गोळ्यातही साधारण निम्मा पारा असतो. तो उघड्या तव्यावर तापविला की पारा उडून जातो व सोने उरते. हे काम पुष्कळदा राहत्या घरात, मुलाबाळांच्या सान्निध्यात चालते.

दोन मार्ग, दोन व्याधी

गिळलेला द्रव पारा आतड्यातून अत्यल्प शोषला जातो. याउलट श्वासावाटे आलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो आणि मेंदू व वृक्क यांत साठतो. बोटांचा कंप, लालास्राव, हिरड्यांची सूज, निद्रानाश, चिडचिड व विस्मरण ही त्याची लक्षणे होत.

दुसरा मार्ग नदीचा. गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान माशांतून मोठ्या माशांत तो वाढत जातो आणि अखेर खाणाऱ्याच्या शरीरात पोहोचतो. हातापायांची बधिरता, तोल जाणे, दृष्टिक्षेत्र आकुंचित होणे हे त्याचे परिणाम; आणि गर्भाच्या मेंदूस त्याचा धोका सर्वाधिक. पेरू देशातील माद्रे दे दिओस प्रांतात खाणींचा पारा नद्यांत उतरल्याने मे २०१६ मध्ये शासनास ११ तालुक्यांत ६० दिवसांची आणीबाणी जाहीर करावी लागली. मासे हेच ज्यांचे अन्न, त्या नदीकाठच्या आदिवासींनी सोने काढलेले नसतानाही त्यांच्या शरीरात पारा आढळला.

उपाय

ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये स्वीकारलेला मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. गोळा उघड्यावर जाळणे व वस्तीत जाळणे बंद करावे, असे तो सांगतो. बंद पात्रात गोळा तापवून वाफ थंड करून पारा परत मिळविता येतो; आपल्या पातनयंत्राचे तत्त्व याहून वेगळे नाही. फिलिपाईन्समधील बेंगेट येथील कामगार तर पाऱ्याऐवजी टंकणाच्या साहाय्याने सोने वितळवून घेतात.

आपल्यापुढील प्रश्न

दूरदेशीच्या या हकिकतीशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. कंप व लालास्राव घेऊन आलेल्या रुग्णास कंपवात वा मुखरोग ठरवून पारदयुक्त रसकल्प देण्याची शक्यता आपल्याच व्यवसायात आहे. आधीच पाऱ्याने बाधित शरीरात पाऱ्याची भर घालणे किती घातक, हे सांगणे नलगे. म्हणून अशा रुग्णास व्यवसाय अवश्य विचारावा. पाऱ्याने मुलामा देणारे कारागीर, सराफाच्या दुकानातील धूळ धुऊन सोने काढणारे झारेकरी, पाऱ्याची उपकरणे हाताळणारे, यांचा त्यात विचार व्हावा. त्याने पूर्वी घेतलेली औषधेही विचारावीत. संशय आल्यास पारदकल्प तत्काळ थांबवून मूत्रातील पाऱ्याची तपासणी करावी. आहारातील माशांचा संशय असल्यास रक्ताची वा केसांची. पारा वाढलेला आढळल्यास रुग्णास विषोपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. केवळ शोधन-चिकित्सेवर विसंबू नये.

औषधनिर्मात्यांची जबाबदारी याहून थोडी नाही. हिंगुळातून पारद काढताना, मर्दन करताना, कूपीपक्व कल्पांच्या भट्टीपाशी बसणारा कामगार त्याच वाफेसमोर असतो. भट्टी धूर ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली असावी, संधिबंधन पक्के असावे. सांडलेला पारा झाडूने पसरवू नये, तो गोळा करून झाकणबंद पात्रात ठेवावा. कामाचे कपडे कामगाराने घरी नेऊ नयेत आणि त्याच्या मूत्राची तपासणी ठरावीक काळाने व्हावी.

पारदाच्या नैसर्गिक दोषांत आपल्या आचार्यांनी विष हा दोष स्पष्टपणे गणला आहे. तो मान्य करूनच त्यांनी संस्कार सांगितले. संस्कारांचा अभिमान बाळगणाऱ्या आम्ही वैद्यांनी भट्टीजवळच्या माणसाचीही तितकीच काळजी घ्यावी, एवढीच विनंती.