विश्लेषण : ‘झिरो स्टेज’ स्तनकर्करोगात प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागतेच का?

बायोप्सीच्या अहवालात ‘डीसीआयएस’ दिसले की घर हादरते. यात कर्करोगाच्या पेशी दुग्धनलिकेच्या आतच असतात. भिंत ओलांडून बाहेर पसरलेल्या नसतात. मात्र प्रत्येकीत त्यांचे वर्तन वेगळे. काही वर्षानुवर्षे तिथेच राहतात, काही पुढे आक्रमक होतात. ग्रेड आणि हार्मोन रिसेप्टरवरून जोखमीचा अंदाज येतो.

अमेरिकेतील ‘कॉमेट’ चाचणीत कमी जोखमीच्या ९५७ महिला होत्या. डिसेंबर २०२४ मधील निष्कर्षांनुसार, दोन वर्षांत आक्रमक कर्करोग शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के, तर नियमित देखरेखीच्या गटात ४.२ टक्के आढळला.

अर्थात, दोन वर्षे हा कमी काळ आहे आणि हाय ग्रेड महिला या चाचणीत नव्हत्या. त्यामुळे उपचार ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : ग्रेड कोणती?